प्रस्तावनेचं वाण

सेलू, १० डिसेंबर १९३९
आजपासून लिहिणार. इतिहासाचं पहिलंच पुस्तक लिहिणाऱ्यांसाठी हैदराबादच्या एका मंडळानं बक्षीस लावलं आहे. हस्तलिखित मार्चअखेर हवं. आधी काही छापलेलं नसावं, एवढीच अट. माझ्यासाठीच घातलेली दिसते. विषय : राणीसावरगावचा इतिहास. ह्यांना सांगितलं. म्हणाले, लिहा की, माझ्या पेशीच्या कागदांना हात लावू नका म्हणजे झालं. वकिलाची दृष्टी तेवढीच.

१४ डिसेंबर
बातमी ऐकून राणीसावरगावची धुरपताआत्या आगगाडीनं येऊन थडकली. तिनं स्वतःच्या पाटल्या मोडून गावात विहीर खोदवली आणि गाव म्हणतं, आबासाहेबांची विहीर. आबासाहेब म्हणजे तिचे दीर. "सुमे, त्यो नुस्ता काठावर हुबा ऱ्हायला अन् इहीर त्याची झाली. तू माहं नाव लिव्ह. मंग मी मरायला मोकळी." वचन दिलं. विहीर तिसऱ्या चॅप्टरमध्ये. आधी प्रस्तावना.

२ जानेवारी १९४०
प्रस्तावना पुन्हा लिहिली. आधीची हळवी होती, आता भारदस्त झाली. आत्या रोज विचारते, इहिरीपस्तोर आलीस का. इतिहासाला घाई चालत नाही, असं समजावलं. म्हणाली, "त्याला चालत नसंल. मला चालतीया."

९ जानेवारी
अपूर्व कल्पना! संक्रांतीला सगळ्या जणी कंगवे नि करंडे लुटतात. यंदा मी प्रस्तावना लुटणार. छापायला देऊन आले. आठ पानं, वर माझा फोटो. एक प्रत मंडळालाही पाठवते. छाप पडेल.

१५ जानेवारी
वाण गाजलं. शेजारच्या बायनाबाईंनी तिथल्या तिथे त्यात तिळगूळ बांधून घेतला. म्हणजे पुस्तक घरोघरी पोचणार. संध्याकाळी आत्यानं माझ्याकडून अख्खी प्रस्तावना वाचून घेतली. "सरलं? ह्याच्यात तुजा सासरा हाय, नवरा हाय, छापखानेवाला बी हाय. गाव कुटं हाय?" प्रस्तावना म्हणजे काय, हे तिला कळत नाही.

१६ जानेवारी
आत्या सकाळच्या गाडीनं गेली. मला जेवण गेलं नाही. तिळगूळ जास्त झाला असावा.

२० मार्च
मंडळाचं उत्तर : आपलं पुस्तक आधीच प्रसिद्ध झालं असल्यानं स्पर्धेत घेता येत नाही. पुस्तक म्हणाले! ह्यांनी विचारलं, पण पाठवायला हस्तलिखित होतं कुठं? पुरुषांना नको तिथं खोलात जायची सवय.

राणीसावरगाव, ५ मे
आत्यानं पाथरवट बोलावून विहिरीच्या काठावर अक्षरं कोरून घेतली आहेत. 'ही इहीर धुरपताबाईची.' बस. तारीख नाही, आधार नाही, आभार नाहीत. असल्या लिखाणाला कुणी इतिहास म्हणणार नाही. तसं तिला स्पष्ट सांगणारच होते, पण पाणी भरायला आलेल्या मनकर्णानं घागर टेकवली. "बाई, तुमाला वाचता येतंय न्हवं? वाचून दावा की."
वाचलं. बाया शेवटपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या. माझ्या वाचनाला असं कधी झालं नव्हतं.
मागून आत्या म्हणाली, "सुमे, आनिक एकदा वाच."
वाचलं.