गच्चीवर वाळत घातलेल्या अळ्या

बाबा, तुम्हाला ताटाजवळ माशी खपायची नाही आणि तुमची लेक पोटासाठी माश्या पाळते. कर्जतजवळच्या आमच्या संशोधन केंद्रात एक बंद खोली आहे, तिथे घरमाश्यांचे पिंजरे आहेत. माश्या अंडी घालतात, ओल्या कोंड्यात शितासारख्या पांढऱ्या अळ्या होतात. त्या पोसल्या की आम्ही त्यांना गरम पाण्यात बुडवून मारतो, वाळवतो, दळतो आणि त्या पिठात प्रथिनं किती, चरबी किती, कुठली आम्लं आहेत ते बघतो. कोंबड्यांच्या खाद्यात सुक्या मासळीऐवजी हे पीठ चालेल का, एवढाच आमचा प्रश्न. नातेवाइकांना मी नुसतं ‘कोंबडीखाद्यावर काम करते’ म्हणून सांगते. पंगतीत बसून अळ्या कशाला काढायच्या!

तुम्ही माथेरानच्या हॉटेलात आचारी होतात. सुट्टीत मला वर न्यायचात तेव्हा मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून असायचे. खांद्यावरचा पंचा म्हणजे तुमचा तिसरा हात. माशी दिसली की फटकारा बसलाच म्हणून समजा. एकदा मी माशी बसलेली जिलबी उचलली आणि तो पंचा माझ्या मनगटावर बसला. “माशी बसल्यालं खायाचं नाय गं! ती कुटून कुटून येते, ठावं हाय का तुला?” मी भोकाड पसरलं. मग तुम्ही कढईतली नवी जिलबी काढलीत, पाकात बुडवलीत, फुंकर मारून माझ्या ताटलीत ठेवलीत. मी ती खाते आहे आणि माझं संपेपर्यंत तुम्ही ताटलीवर हात धरून उभे आहात. तेवढ्यात मालक आत डोकावतो, तरी तुम्ही हलत नाही.

रजा मिळाली की तुम्ही पायवाटेने चौकच्या बाजूला डोंगर उतरून घरी यायचात. त्या पावसाळ्याच्या शेवटी आला नाहीत. हॉटेलात वाटलं तुम्ही घरी आहात, घरी वाटलं तुम्हाला रजाच मिळाली नाही. दोन्हीकडे सगळे निवांत होते. याचाच मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. शोधायला माणसं गेली तोवर बरेच दिवस झाले होते. वाडीवरच्या ज्या माणसाला तुम्ही सापडलात, तो आमच्या अंगणात उभा राहून काकांना सांगत होता, “मानूस दिसला नाय. माश्यांचा आवाज आला, म्हनून वाटंखालच्या घळीत उतारलो.” मी दाराआड उभी होते. तुम्हाला आणलं तेव्हा काकांनी मला चादरीजवळ जाऊ दिलं नाही. “तोंड नको बगू गं पोरी. हसतं बगितलंस ना, तेच ठेव.” मी त्यांचं ऐकलं.

दहाव्याला पाताळगंगेच्या काठी पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. काका हात जोडून ओरडत होते, “दादा, ये रं! पोरीला शिकवीन मी, तिचं शिक्षान थांबवनार नाय! आनखी काय पायजे तुला, सांग ना रं!” कावळा ढिम्म. माश्या तेवढ्या आल्या. पांढऱ्या भातावर बसायला लागल्या आणि आत्या पदराने त्यांना हाकलत राहिली, हाकलता हाकलता रडत राहिली. ऊन चढलं तसे भटजी कंटाळले. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. तुमची काय इच्छा राहिली असेल यावर गावात पुष्कळ बोलणं झालं. काकांनी आपला शब्द मात्र पाळला, म्हणून मी आज इथे आहे.

आणि इथे मला नको ते कळलं. अळीला जे घालाल ते तिच्यात उतरतं. मासळीच्या टाकाऊ भागांवर वाढवलेल्या अळ्यांच्या चरबीत मासळीचं तेल सापडतं, नुसत्या कोंड्यावरच्या अळ्यांत सापडत नाही. तो निकाल पहिल्यांदा हातात आला तेव्हा आमच्या केंद्राच्या मॅडम खूश होत्या, मला शाबासकी देत होत्या, आणि मी बेसिनपाशी उभी राहून हात धूत होते. चादरीखालचं जे काकांनी बघू दिलं नाही, ते मला आता पाठ आहे. माश्या आधी कुठे अंडी घालतात, अळ्या कशा आत शिरतात, काय संपवतात, काय ठेवतात. तुमच्या अंगातली चरबी घेऊन त्या दिवसांत घळीतून किती माश्या उडाल्या असतील, हा हिशोब मी करत नाही. तो आपोआप होतो. कधी कधी पिंजऱ्यांच्या खोलीत मी एकटी असते आणि पाठीमागे पंचा फटकारल्याचा आवाज येतो. मला भीती वाटते, बाबा. मी वळून बघत नाही. आवाज थांबला की मात्र कान तिकडेच लागतात.

सध्या पितृपक्ष आहे. गावोगावी लोक पान वाढून कावळ्यांच्या विनवण्या करताहेत, आणि कावळे सगळे आमच्या गच्चीवर. कारण आम्ही अळ्या उन्हात वाळत घातल्या आहेत. ट्रेवर जाळी टाकायची आणि काठी घेऊन कावळे हाकलायचे, हे माझ्याकडे आलेलं काम. आज दुपारी मॅडम जेवायला खाली गेल्या आणि मी एका ट्रेवरची जाळी काढली. प्रयोगाचा नव्हता तो, उरलेल्या अळ्यांचा होता. भात तुम्हाला चालला नाही, हे तरी चालेल, असं काहीतरी डोक्यात आलं. टाकीच्या सावलीत जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, “बाबा, या.”

एक कावळा कठड्यावर उतरला. तिरका तिरका चालत ट्रेच्या काठावर आला, माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली. चोच लागायच्या आत मी उठले होते. खांद्यावरची ओढणी ओढून असा फटकारा मारला की तो कावकाव करत पार नारळाच्या झाडापलीकडे गेला. मनगट अगदी तुमच्यासारखं वळलं. मी जाळी परत पसरली आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

जाळी वाऱ्याने उडाली होती, असं मॅडमना सांगितलं. हा कागद घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवते आहे, धुवायला टाकताना काढायचा राहिला तर राहिला. तुमची काय इच्छा राहिली ते मला अजून ठाऊक नाही, बाबा. माझी राहिली आहे. तुम्ही जाऊ नये.