गाडी विश्वासू आहे, काळजी नसावी

तीर्थस्वरूप मामा यांस,

तुमच्या डाव्या पायाला नमस्कार. उजव्याला हात लावायची डॉक्टरांनी मनाई केली आहे, असं तुमच्या मागच्या पत्रात होतं. ती उठली असल्यास उजव्यालाही तेवढाच. खुब्याचं हाड, मामींचा खोकला आणि गोठ्याचा गळका पत्रा यांची प्रकृती आता कशी आहे? (तिघांची खबर तुम्ही एकाच वाक्यात दिली होती, म्हणून मीही एकदमच विचारतो.) इकडे आम्ही आठही जण खुशाल आहोत. खुशाल हा शब्द मी सवयीने लिहिलेला नाही, मान वर करून आठही जण मोजले आणि मग लिहिला. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आमचे घसे बसतात, म्हणून पत्र. कागद मांडीवर घेऊन लिहितो आहे, तेव्हा एखादी ओळ उतरणीला लागली तर दोष मांडीचा समजावा.

पत्रास कारण, आपण गाडी घेतली. जुनी घेतली, पण मोठी, तीन रांगांची, उंच चाकांची. ती कशासाठी घेतली हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगतो. आईने तुम्हाला पाहून सहा वर्षं झाली. तुम्हाला खुब्याच्या त्या ऑपरेशनपासून इथवरचे नऊ तास एका जागी बसवत नाही, आणि आईला बस अशी लागते की पहिल्या वळणावर ती डोळे मिटते आणि दुसऱ्या वळणावर कंडक्टर. त्यामुळे तुम्ही डोंगराच्या त्या बाजूला आणि ती या बाजूला. तुमचं पत्र आलं की आई माझ्याकडून दोनदा वाचून घेते आणि तिसऱ्यांदा चष्मा लावून स्वतः वाचते, जणू मी वाचताना मधलं काही खाल्लं असावं. मागे एकदा शेजाऱ्यांच्या अशाच मोठ्या गाडीत ती पुढच्या सीटवर, काच खाली करून, दोन तास बसली आणि उतरल्यावर तिने जेवायला मागितलं. ते पाहून दादा म्हणाला, हीच गाडी. नवी घेणं आपल्या कुवतीबाहेर, म्हणून जुनी. आणि ती दगा देणार नाही ना हे बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात शंका काढणे हे खातं पहिल्यापासून माझं. (वहिनी मला तपासनीस म्हणतात. मी चहाला बसलो की कप स्वतःच पालथा करून बुडाची चीर दाखवतात आणि म्हणतात, "ही जुनीच आहे हं, भावजी.")

मामा, माझं शिक्षण सातवीपर्यंतच झालं हे तुम्ही जाणता, पण घड्याळाच्या दुकानात बाबांच्या शेजारी बसून बारा वर्षं झाली, त्याला काही परीक्षा असती तर मी पास झालो असतो. दुकानात येणारं प्रत्येक घड्याळ "आम्ही काहीसुद्धा केलं नाही हो, आपोआप बंद पडलं" असं सांगत येतं, आणि उघडलं की आत कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या सुरीचे ओरखडे निघतात. त्यामुळे माझा माणसांवर विश्वास आहे, पण मागचं झाकण उघडून पाहिल्यावर. गाडीसाठी मी एका वहीत चौसष्ट प्रश्न काढले. थंड इंजिन पहिल्याच फटक्यात उठतं का, धूर पांढरा की काळा, ऑइलच्या झाकणाखाली साय धरली आहे का, सीटखालच्या पट्ट्या गंजल्या आहेत का (गंजल्या असतील तर गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली असते), चारही टायर एका वयाचे आहेत का. छत्तिसावा प्रश्न आत्याचा, पायरी किती उंच? तिचे गुडघे माहीत आहेतच. चव्वेचाळिसावा दादाच्या जुळ्यांचा, की मागच्या काचेतून जीभ काढली तर मागच्या गाडीवाल्याला दिसते का? बाबांनी फक्त एक प्रश्न दिला, तो म्हणजे "का विकताय?" त्यांच्या मते उरलेले त्रेसष्ट त्याच्या पोटातच येतात.

पहिली गाडी एका बांधकाम ठेकेदाराची पाहिली. किलोमीटरचा आकडा चाळीस हजार, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र झिजून आरशासारखं गुळगुळीत. मी विचारलं, तर म्हणाला, माझा पायच जड आहे. मी त्याला बूट काढून टाच दाखवायची विनंती केली. (त्यात अपमान करायचा हेतू नव्हता. पाय जड असेल तर बुटाची टाचही झिजलेली हवी, एवढंच.) त्याने बूट काढला, पण दाखवायला नव्हे, तेव्हा दादाने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

दुसरी एका दाताच्या डॉक्टरांची. पांढरी शुभ्र, आत लवंगेचा वास, सर्व्हिसचं पुस्तक पहिल्या पानापासून भरलेलं. साठ प्रश्न ती गाडी हसत पास झाली. मग मी माझ्या पद्धतीप्रमाणे इंजिन बंद केलं, चावी काढून हातात घेतली, काचा वर केल्या आणि झोळा मांडीवर घेऊन एकटाच आत बसून कान दिला. आणि मामा, बंद गाडीत आवाज येत होता. टिक, टिक, टिक. डॉक्टर म्हणाले, गरम लोखंड निवताना टिकटिकतंच. हे बरोबर आहे, मलाही माहीत होतं. म्हणून मी दीड तास थांबलो. डॉक्टरांनी तेवढ्यात तीन दाढा काढल्या. बोनेटवर हात ठेवला तर ते माझ्या हातापेक्षा गार. आत बसून काचा वर केल्या, तर टिक, टिक, टिक. ज्या गाडीचं इंजिन बंद असूनही काहीतरी चालू आहे, त्या गाडीत मी आईला घाटात कसं बसवणार? नमस्कार करून निघालो.

तिसरी गाडी एका फोटोग्राफरची, आणि तिच्यातही तोच आवाज. आता मात्र मी घाबरलो. दादा म्हणाला, एकाच कंपनीची गाडी, एकच रोग. मी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी बोनेटमध्ये डोकं घातलं, आवाज नाही. गाडीखाली आडवे झाले, आवाज नाही. "तूच ऐक, माझ्या कानात ग्रीस आहे," म्हणाले. मी आत बसलो की आवाज यायचा, मी उतरलो की जायचा. शेवटी त्यांनी डॅशबोर्ड उघडला, काही मिळालं नाही म्हणून परत बसवला, आणि दोन स्क्रू उरले ते फोटोग्राफरच्या हातावर ठेवून म्हणाले की हे तसे जास्तीचेच होते. फोटोग्राफरने ते खिशात टाकले. मग त्याने माझा एक फोटो काढला. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला, पुन्हा आलात तर ओळखायला.

यानंतर घरी दोन दिवस गाडी हा शब्द कोणी उच्चारला नाही. तिसऱ्या दिवशी आईने कपाटावरची पिशवी काढून तिच्यात तुमच्यासाठी विणलेला स्वेटर ठेवला, चेन लावली आणि पिशवी दाराशी ठेवून दिली. मी येता जाता त्या पिशवीला अडखळत होतो आणि ती तिथून हलवायचा धीर मला होत नव्हता.

चौथी गाडी गुरांच्या डॉक्टरीणबाईंची. वय साठीच्या पुढे, पायात गमबूट, आवाज असा की बसलेली गाय न सांगता उभी राहावी. बाबांचा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारला. त्या म्हणाल्या, आता मी गुरांकडे जात नाही, गुरं माझ्याकडे येतात. उरलेल्या त्रेसष्ट प्रश्नांची उत्तरं त्यांनी गोठ्याच्या फळीला टेकून दिली. गाडीची वही त्यांनी आजाऱ्याच्या कागदासारखी ठेवली होती. तिसऱ्या वर्षी क्लच बदलला. पाचव्या वर्षी बैलाने मागचं दार बदललं. (आकार बदलला असा अर्थ. दार तेच आहे आणि लागतंही नीट.) मला गाडी इतकी आवडली की आत बसून काचा वर करण्याआधी मी देवाचं नाव घेतलं. आणि मामा, टिक, टिक, टिक.

मी खाली उतरून बाईंना सांगितलं तेव्हा माझा चेहरा रडवेला झाला असावा, कारण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, चल, पेशंट तपासू. त्यांनी गळ्यातली नळी कानाला लावली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. डॅशबोर्डवर नळी ठेवली, मान हलवली. दारावर ठेवली, गिअरवर ठेवली, सीटच्या पाठीवर ठेवली. मग हळूहळू ती नळी माझ्या मांडीकडे आली आणि मांडीवरच्या झोळ्यावर थांबली. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. "ठोके उत्तम आहेत," म्हणाल्या, "पण पेशंट गाडी नाही, तुझा झोळा आहे."

मामा, आपल्या दुकानाची रीत तुम्हाला माहीत आहे. दुरुस्त झालेलं प्रवासी गजराचं घड्याळ आपण लगेच परत देत नाही. ते आठ दिवस अंगाबरोबर वागवायचं, उभं, आडवं, उलटं, धक्के खात, आणि तरीही वेळ बरोबर दाखवली तरच गिऱ्हाइकाला द्यायचं. तसलं एक पितळी घड्याळ प्रश्नांच्या वहीखाली माझ्या झोळ्यात होतं. दुकानात दीडशे घड्याळं एकदम बोलतात, त्यामुळे टिकटिक म्हणजे माझ्या कानांना शांतताच. चार भिंतींआड, काचा बंद करून, एकाच घड्याळाबरोबर मी जन्मात पहिल्यांदा बसलो होतो, आणि त्याला ओळखलं नाही. मी कपाळाला हात लावला. बाईंनी घड्याळ हातात घेऊन पाहिलं, आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडलं आणि म्हणाल्या, हे मात्र विश्वासू दिसतंय, किती वर्षं चाललंय? मी म्हटलं, ते जाऊ द्या, गाडी दगा देणार नाही असं मला एकदा शब्दाने सांगा. तर म्हणाल्या, "अरे बाबा, गाडी आहे ती, जावई नाही. शपथ कसली घालतोस? वेळेवर खायला प्यायला दे, चालेल."

त्याच संध्याकाळी दाताच्या डॉक्टरांना आणि फोटोग्राफरला मी माफीची पत्रं लिहिली. डॉक्टरांचं उत्तर आलं की त्यांची गाडी विकली गेली आणि तुम्ही कधीही या, पण दातांसाठी. फोटोग्राफरने माझा तो फोटो पाठवला. वहिनींनी तो फ्रेम करून स्वयंपाकघरात, कपांच्या फळीवर लावला आहे.

गाडी दाराशी आली त्या दिवशीचं काय सांगू! आत्या दुकानातल्या स्टुलावरून, मग पायरीवरून, मग बाबांच्या खांद्यावरून वर चढली आणि आत बसल्यावर म्हणाली की पायरी ठीक आहे, खांदा जरा खाली हवा होता. जुळ्यांनी मागच्या काचेची चाचणी घेतली आणि समोरच्या शिंप्याने दुकानाचं शटर ओढून घेतलं. आई पुढच्या सीटवर बसली, तिने काच खाली केली, पिशवी मांडीवर घेतली, आणि गाडी उभीच असताना तीन तास बसून राहिली. जेवायला हाक मारली तर म्हणाली, इथेच दे.

त्यानंतर गाडीने सलग पावणेचारशे किलोमीटर, त्यात पूर्ण घाट, असा प्रवास केला. इंजिन तापलं नाही, धूर नाही, ब्रेक रेशमासारखे. आईला एकदाही उलटी झाली नाही. उलट घाटाच्या माथ्यावर तिने तुमचं लहानपणीचं एक भांडण सांगितलं आणि इतकी हसली की दादाने गाडी बाजूला घेतली. तरी आपली गाडी सर्वार्थाने विश्वासू आहे, याविषयी मनात किंतु नसावा. मामींना माझा नमस्कार सांगावा आणि गळक्या पत्र्याखाली भांडं ठेवताना खुब्याला जपावं.

तुमचा धाकटा भाचा

ता. क. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. ज्याने ते हातात दिलं तो तुमच्या गावात संध्याकाळचं दूध गोळा करायला येणारा गाडीवाला. आम्ही तुमच्यापासून बारा किलोमीटरवर, सिमेंटच्या पुलाच्या अलीकडे उभे आहोत. न कळवता तुमच्या दारात येऊन उभं राहायचं असा बेत होता. दादाचं म्हणणं, चार शब्द लिही आणि दे त्याला. पण सहा वर्षांनी मामांची भेट होणार आणि पत्रात खुशालीसुद्धा विचारायची नाही, हे मला पटलं नाही. दूधवाल्याने आतापर्यंत दोनदा हॉर्न वाजवला आहे.

ता. क. दुसरा. गाडीची काही चूक नाही. डिझेलचा काटा फार थरथरत होता. थरथरणारा काटा मला बघवत नाही, म्हणून निघण्याआधी मी तो उघडून पक्का बसवला. तेव्हापासून तो अजिबात हलत नाही. आत्ताही टाकी भरलेली दाखवतो आहे. बाबा दुपारपासून दर दहा मिनिटांनी उठून तो काटा बघून येतात. तुमच्याकडे ट्रॅक्टरच्या डिझेलचा कॅन असतो, त्यातलं दहा लिटर दूधवाल्याबरोबर द्यावं. तो तासाभरात याच रस्त्याने परतणार आहे.

ता. क. तिसरा, आईचा, ती सांगते तसा लिहितो. दूधवाल्याच्या शेजारची सीट रिकामी आहे, ती तिने दार उघडून स्वतः बघितली. बारा किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं, तेवढं तुम्हाला बसवेल, तिला मात्र ती गाडी दुधाच्या वासानेच लागेल. त्या सीटवर तिने आत्याची उशी ठेवली आहे, खुब्याखाली घ्यायला. डिझेल राहिलं तरी चालेल म्हणते.