स्क्रिप्टची शेवटची ओळ

ओतूर, गुरुवार, मे २००४

आज दुकानात दिवसभर कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकाच जुळवल्या. संध्याकाळी रफिकची स्क्रिप्ट चालवली, पूर्वी इथं माझ्याबरोबर कामाला असताना त्यानं लिहिलेला छोटा प्रोग्रॅम. डिंगोरे, आहुपे, असे गावागावांच्या पत्रिकांचे फोल्डर ती एकेक करून झिप करते, म्हणजे आवळून एका फाइलीत ठेवते, आणि शेवटी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ओळ येते, "झालं राव, घरी जा आता." पुण्याला नोकरीवर जायच्या आदल्या दिवशी त्यानंच ती लिहून ठेवली. दोन वर्षं झाली. रोज मला घरी जा म्हणणारं दुसरं कोण आहे? आणि घरी तरी कोण आहे?

आज न राहवून त्याला फोन केला. म्हटलं, तुझी स्क्रिप्ट अजून चालतीय.

"ती व्हय? लई जुनी झाली राव, काढून टाक. नवी पाठवतो मेलनं."

"शेवटची ओळ असंल ना तिच्यात?"

"कुठली ओळ?"

त्याच्या लक्षातच नाही. राग आला. पण कशाला यावा? त्यानं सहज लिहिलं, मीच धरून बसलोय.

पाठव म्हणालो आणि फोन ठेवला. मग जुनीच पुन्हा चालवली. झिप करायला नवीन काहीच नव्हतं. ओळ येईपर्यंत बसून राहिलो.