एकाच बाटलीतले दोन पट्टकृमी

मंगळवार, संध्याकाळ. लॅबमध्येच.

मावशीला कसं कळलं?

एकाच माशाच्या आतड्यातले दोन पट्टकृमी, दिसायला अगदी सारखे, म्हणून मी दोघांना एकाच बाटलीत घालून एकच नाव चिकटवलेलं. आज शुक्रपेशींचे फोटो आले. एकाच्या शुक्रपेशीत शेपटीचा एकच धागा, दुसऱ्याच्यात दोन. डीएनएही वेगळा. म्हणजे जातीच दोन. प्रबंध पुन्हा लिहायचा आता.

पण कोपरीची मासेवाली मावशी मासा साफ करतानाच म्हणालेली, "बाय, ही येकाच घरची नाय." मी हसलेले. आज फोन करून विचारलं, तर म्हणते, "येकमेकाला शिवत नव्हती गो."

मगाशी बाटली जोरात हलवून ठेवली. स्पिरिटमधले दोन्ही मेलेले कृमी परत दोन टोकांना गेलेत.