शून्यापासून काढलेला ग्राफ

मंगळवार, रात्रीच्या जेवणाआधी. कात्रज.

सोसायटीच्या दोन्ही विंगच्या पाणीवापराचा ग्राफ मी काल नोटीस बोर्डवर लावला. आमच्या ए विंगचा बार बुटका, बी विंगचा त्याच्या तिप्पट उंच. आज संध्याकाळी बी विंगच्या लिमयेकाकूंनी जिन्याशी गाठलं. "अहो, आमच्याकडे काय हत्ती पाळलेत?"

आकडे मीटरचेच आहेत, म्हटलं. ते खरंही होतं. फक्त माझा उभा अक्ष शून्याऐवजी चाळीस हजार लिटरपासून सुरू होत होता, त्यामुळे थोडासा फरकही तिप्पट दिसत होता. कॉम्प्युटरनेच तसा घेतला, असं सांगता आलं असतं. पण ते चाळीस हजार मला कालही दिसलं होतं. आपली विंग शहाणी दिसतेय म्हणून गप्प बसले का मी? बहुतेक हो. आणि ऑफिसात दिवसभर ग्राफच काढते.

घरी येऊन अक्ष शून्यापासून घेतला, प्रिंट काढून खाली गेले. दोन्ही बार जवळजवळ सारखे. काकू अजून जिन्याशीच होत्या; चष्मा लावून त्यांनी दोन्ही बार बोटाने मोजून पाहिले.

"म्हणजे तुम्हीही आमच्याइतकेच उधळे."

"हो. कालची चूक माझी होती."

त्या निघाल्या, दोन पायऱ्या चढून थांबल्या. "आमची गच्चीवरची टाकी रोज संध्याकाळी भरून वाहते. प्लंबरला बोलवा."

कालच्या ग्राफपुढे हे त्या कधीच बोलल्या नसत्या.

आत्ता आमच्या गच्चीवर जाऊन आले. आमचीही वाहतेय. उद्या प्लंबर दोन्हीकडे येतोय.