डॉक्टरांपुढच्या तीन खुर्च्या

प्रिय धाकटे,

लहानपणी एका प्रश्नाला सात उत्तरं देणारी तू काल मनाच्या डॉक्टरांपुढे मौनव्रत धरून बसलीस. सगळी उत्तरं तुझ्या यजमानांनी दिली, भाष्यकाराच्या थाटात. तुझ्या दंडावरच्या डागात चार बोटं उमटलेली दिसत होती. "गोळ्यांनी झोक जातो हो तिचा," ते म्हणाले. डॉक्टरांनी गोळी बदलली.

"तिला एकटीला आत पाठवू नका," असं तुझ्या यजमानांना मीच बजावलं होतं. मागच्या खुर्चीत मी गप्प राहिले. बोलले असते तर त्याचं प्रायश्चित्त घरी तुलाच घ्यावं लागलं असतं.

हे पत्र टाकणार नाही. तुझी पत्रं आधी तेच वाचतात. वाईट बातमी तुझ्या हाती पडू नये म्हणून, ही सूचनाही माझीच.

तुझी शहाणी ताई