नागदवण्याचा शेक

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तेव्हाच सांगायला हवं होतं ते आज लिहायला बसले आहे. वरोऱ्याच्या तुमच्या दवाखान्यात मी चार वर्षं काढली. चिनी सुयांची विद्या तुम्ही कलकत्त्याहून शिकून आलेल्या, आणि परसात नागदवणा लावलेला. त्याची पानं वाळवायची, कापसासारखी मऊ होईतो कुटायची, कागदात घट्ट वळून कांडी करायची. पेटती कांडी सुईच्या जागेजवळ धरली की आखडलेल्या गुडघ्यात ऊब शिरायची. पहिल्याच दिवशी तुम्ही माझी दोन बोटं धरून रोग्याच्या कातडीवर टेकवलीत. म्हणालात, "शुगरवाल्याच्या पायाले चटका समजत नाई. तो तुह्या बोटाले समजला पायजे. बोटं टेकवल्याशिवाय कांडी धरायची नाई."

चौथ्या वर्षी एक दिवस, संध्याकाळी मला बघायला पाहुणे येणार होते. तुम्ही पलीकडच्या खोलीत सुया लावताय. माझ्यासमोर कापूस वेचणारी मावशी पाय लांब करून पडली आहे; तिला शुगर आहे, हे मला माहीत आहे. धुराचा वास बोटांना लागला की साबणानंही जात नाही, म्हणून मी बोटं टेकवलीच नाहीत. मावशी म्हणते, "काईच नाई लागून राह्यलं वो पोरी, अजून जवळ आन." मी कांडी जवळ नेली.

फोड आला, फुटला, पाय सुजला. चंद्रपूरला तिच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. तिचा मुलगा आरडाओरडा करत आला, तेव्हा मला आत पाठवून तुम्ही त्याला म्हणालात, "माह्या हातून झालं, भाऊ." तो गेल्यावर मला एवढंच विचारलंत, "बोटं टेकवले होते ना?"

"हो बाई."

 तुम्ही म्हणालात, "मंग माहं शिकवनंच चुकलं." रागावला असतात तर कदाचित मी बोलून गेले असते. दुसऱ्या दिवशी तुम्ही नागदवणा मुळासकट उपटलात. सुया काही महिने चालल्या, पण माणसं येईनाशी झाली, आणि एक दिवस तुम्ही पाटी उतरवलीत.

माझं लग्न होऊन मी गडचिरोलीला आले. दर खेपेला सांगायचं ठरवून तुमच्याकडे यायची, आणि चहा पिऊन परत जायची. शेवटच्या खेपेला तुम्ही अंथरुणावर होतात, पाय गार पडलेले. मी विचारलं, "थोडा शेक देऊ का, बाई?" तुम्ही पाय पांघरुणात ओढून घेतलेत. "नको. त्याचा भरोसा नाई." तेव्हाही मी पांघरूण सारखं केलं, फक्त.

गेल्या महिन्यात तुमच्या मुलीचा नागपूरहून फोन आला. "आईनं येवढी विद्या काऊन सोडली, तुमाले काई बोलली का?" मी म्हटलं, नाही. आता इथं माझाही दवाखाना आहे. एटापल्लीपासून माणसं विश्वासानं येतात. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही, तिच्यापर्यंत पोचू शकतो. फोन ठेवताना ती म्हणाली, "पत्ता लिवून घेता का? कधी या." मी म्हटलं, सांगा. तिनं सावकाश सगळा पत्ता सांगितला, बाई. मी हो हो म्हणत राहिले, आणि लिहून घेतला नाही.